ट्रॅक्टर डीलरशिपचं पार्ट्स काउंटर: सगळं डीएमएसमध्येच बिल करावं की वेगळी पीओएस घ्यावी?

चोपडा_पार्ट्स

नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर डीलरशिपच्या पार्ट्स काउंटरची बिलिंग व्यवस्था नव्याने बसवायची आहे. सध्या कंपनीचे जेन्युइन पार्ट्स कंपनीच्या डीएमएसमध्ये, म्हणजे डीलरसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये, जातात. बाकीचा माल, म्हणजे रोटाव्हेटरची पाती, नट-बोल्ट, बेअरिंग, ऑइल, बॅटरी, होज पाइप, हा दिवसभर चिठ्ठीवर आणि संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. चिठ्ठ्या गहाळ होतात आणि स्टॉक जुळत नाही.

साधारण ४,२०० पार्ट नंबर आहेत, त्यातले ११०० चालते. काउंटरवर दोन माणसं, मागे वर्कशॉप. पार्ट्सची उलाढाल वर्षाला ९० लाखांच्या आसपास, ट्रॅक्टर धरून सगळी मिळून ५ कोटींच्या बरीच वर. उधारीची खाती सहाशेच्या घरात. गिऱ्हाईक चोपडा-यावल तालुक्यांतलं, शिवाय सेंधवा-वरला बाजूचे शेतकरीही येतात.

तीन पर्याय समोर आहेत. सगळं डीएमएसमध्ये घालणं, टॅलीप्राइममध्येच पीओएस (काउंटरवरच्या बिलिंगचं) व्हाउचर चालू करणं, किंवा दरमहा भाड्याचं क्लाउड पीओएस अ‍ॅप. अ‍ॅपचा डेमो पाहिला, दिसायला छान आहे, मॉलसारखं पटापट बिल होतं. पण पार्ट्स काउंटरसाठी नेमकं काय तपासायचं? प्रिंटर-स्कॅनर कोणते घ्यायचे? आणि बदल करायचा तर कधी?

रॅक_कप्पा

भाऊ, डेमो विक्रेत्याच्या डेटावर पाहू नका. त्याच्याकडे साबण-बिस्किटाच्या पन्नास आयटम असतात, त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर पळतं. तुमच्या रॅकमधले सगळ्यांत त्रासदायक २५ पार्ट काढा, एका कागदावर लिहा आणि त्याला सांगा, हे पंचवीस माझ्यासमोर मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, घाल आणि विकून दाखव. निम्मे विक्रेते तिथेच अडतात.

त्या पंचवीसात काय असावं ते सांगतो. पहिला म्हणजे नंबर बदललेला पार्ट. कंपनी जुना नंबर बंद करून नवा देते, कधी एकाच्या जागी दोन नंबर होतात. तुमच्या कप्प्यात जुन्याचे ३ नग आणि नव्याचे ५ नग असतात. मिस्त्री जुना नंबर सांगतो. सॉफ्टवेअरने जुना टाकल्यावर नवाही दाखवला पाहिजे, दोन्हींचा स्टॉक दाखवला पाहिजे आणि जुना आधी काढायला सांगितलं पाहिजे. त्यात एक बारकावा आहे. काही वेळा नवा पार्ट जुन्या ट्रॅक्टरला बसतो, पण जुना नव्याला बसत नाही. म्हणजे बदल एकतर्फी आहे की दोन्ही बाजूंनी, हे नोंदवायला जागा हवी. किराण्यासाठी बनलेल्या पीओएसमध्ये ही कल्पनाच नसते, ते दोन वेगळे आयटम म्हणून सोडून देतात. मग गिऱ्हाइकाला 'नाही' सांगितलं जातं आणि माल कप्प्यात पडून राहतो. टॅलीप्राइममध्ये सुपरसेशन, म्हणजे जुन्या-नव्या नंबरची जोडणी, असं वेगळं काही नाही, पण एका आयटमला अनेक उपनावं देता येतात आणि पार्ट नंबरचं वेगळं खानं चालू करता येतं. दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या बदलाला ते पुरतं, एकतर्फी बदलाला पुरत नाही.

दुसरं, शोध. मिस्त्री नंबर सांगत नाही. तो 'पीटीओचा क्रॉस' म्हणतो, शेतकरी 'त्या दांड्यातला प्लस' म्हणतो आणि कंपनीच्या यादीत 'युनिव्हर्सल जॉइंट क्रॉस' असतं. उपनावांत तिन्ही घाला. नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले तरी सापडला पाहिजे, मधले डॅश आणि जागा असोत-नसोत. गर्दीत पूर्ण नंबर कुणी टाइप करत नाही.

तिसरं, मोजमाप. ऑइल २१० लिटरच्या बॅरलने येतं, वर्कशॉपला साडेसात लिटर जातं. होज मीटरवर, वायर मीटरवर, वॉशर किलोने येतात आणि नगावर जातात. खरेदीचं एकक वेगळं, विक्रीचं वेगळं, मधला गुणाकार सॉफ्टवेअरने करावा आणि दशांश तीन ठिकाणांपर्यंत धरावेत. दोनच ठिकाणं धरणारं सॉफ्टवेअर वर्षाच्या शेवटी बॅरलमागे ऑइल 'हरवतं'.

रोटाव्हेटरच्या पात्यांचं उदाहरण डेमोत घालाच. ४२ पात्यांच्या यंत्राचा सेट म्हणजे २१ डावी आणि २१ उजवी. शेतकरी कधी पूर्ण सेट नेतो, कधी दगडाला लागून तुटलेली फक्त ४ उजवी नेतो. सेट हाच एक आयटम केला तर ४ उजवी विकल्यावर उरलेल्या ३८चं काय, हे संगणकाला कळत नाही. डावं पातं एक आयटम, उजवं दुसरा, आणि 'सेट' हा फक्त जोडणीचा कोड असावा, जो टाकला की २१-२१ आपोआप वजा होतात. हायड्रॉलिक सील किटचंही तसंच. एका ओ-रिंगसाठी किट फोडलं की उरलेल्या रिंगा स्टॉकमध्ये यायला हव्यात, नाहीतर पुढच्या माणसाला स्क्रीनवर पूर्ण किट दिसतं आणि कप्प्यात फाटकी पिशवी.

जेन्युइन आणि लोकल एकाच कोडखाली कधीही घालू नका, भाव सारखा असला तरीही. वॉरंटीत लोकल पार्ट गेला की क्लेम अडकतो, आणि नफा कशावर झाला हेही कळत नाही.

कप्प्याचा पत्ता प्रत्येक आयटमला हवाच, 'बी-०३-१२' अशा पद्धतीने: रॅक, खण, कप्पा. एका पार्टला दोन पत्ते देता आले पाहिजेत, कारण फिल्टर काउंटरच्या मागेही असतात आणि खोकी माळ्यावरही.

मास्टर एक्सेलमधून चढवणार असाल तर सावध राहा. नंबरच्या सुरुवातीची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं. '००७१२३'चा '७१२३' होतो. नंबरात मध्ये ई असेल, जसं '३४५६ई१२', तर एक्सेल त्याला घाताची संख्या समजून बदलतं, आणि १५ आकड्यांपेक्षा लांब नंबराचे पुढचे आकडे शून्य करतं. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी हे होतं आणि लक्षातही येत नाही. आधी रकाना 'टेक्स्ट' करा, मगच डेटा चिकटवा. चढवल्यावर डीएमएसच्या यादीशी नंबर जुळवून पाहा. एकूण संख्या जुळली म्हणून थांबू नका.

कर_आणि_कागद

रॅकभाऊंनी मालाचं सांगितलं, मी कराचं सांगतो. ट्रॅक्टर पार्ट्समध्ये सॉफ्टवेअर सगळ्यांत जास्त इथेच चुकतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब, रेडिएटर असेंब्ली, क्लच असेंब्ली, ब्रेक, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक पंप असे ठरावीक पार्ट १८ वरून ५ वर आले. रोटाव्हेटर-नांगरासारख्या अवजारांचे पार्ट १२ वरून ५ वर आले. पिस्टन-लायनरसारखे इंजिनचे पार्ट मात्र २८ वरून १८ वर थांबले. बेअरिंग, फिल्टर, इंजिन ऑइल, नट-बोल्ट हे १८ वर होते तसेच आहेत. म्हणजे एकाच ट्रॅक्टरचा रेडिएटर ५ टक्क्यांत आणि लायनर १८ टक्क्यांत. पात्यांच्या सेटवर ५ टक्के आणि त्याच पात्यांना लागणाऱ्या ८४ बोल्टवर १८.

आता मुख्य मुद्दा. बरीच सॉफ्टवेअर दर एचएसएनला, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या कोडला, बांधतात: एचएसएन टाका, दर आपोआप येतो. ८७०८ला, म्हणजे वाहनांच्या पार्ट्सच्या कोडला, हे चालत नाही. ट्रॅक्टरचा रेडिएटर ८७०८मध्ये आणि पिकअप जीपचा रेडिएटरही ८७०८मध्ये, पण पहिला ५ आणि दुसरा १८. काउंटरवर दोन्ही ठेवत असाल तर दर आयटमला बांधलेला हवा, एचएसएनला नव्हे. डेमोत हे दोन रेडिएटर एकाच बिलात घ्या. विक्रेता गडबडला तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. दराला 'या तारखेपासून' असं खानंही हवं. मागच्या तारखेच्या बिलाची क्रेडिट नोट करताना जुना दर लागतो.

एमआरपीचं गणित हाताने तपासा. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. ५९० एमआरपीचा, १८ टक्क्यांचा पार्ट म्हणजे ५०० मूळ किंमत अधिक ९० कर. गिऱ्हाइकाला १० टक्के सूट दिली तर ५३१ घ्यायचे: ४५० अधिक ८१. काही सॉफ्टवेअर सूट ५९० वर काढतं, म्हणजे ५९ रुपये, आणि ती वजा करतं मूळ ५०० मधून. उरतात ४४१, त्यावर कर ७९.३८, बिल होतं ५२०.३८. नगामागे १०.६२ रुपये गेले. बिल बरोबर दिसतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.

शिवाय एकाच पार्टच्या दोन पाकिटांवर दोन एमआरपी असतात, आधीच्या खरेदीची वेगळी, नव्या खरेदीची वेगळी. पाकिटावर छापलेल्यापेक्षा जास्त घेणं कायद्यात बसत नाही. त्यामुळे एमआरपीनुसार बॅच ठेवणारी व्यवस्था हवी, आणि स्कॅन केल्यावर दोन एमआरपी असतील तर तिने विचारलं पाहिजे.

तुमची एकूण उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, म्हणजे दोन गोष्टी आपोआप आल्या. बिलावर सहा आकडी एचएसएन, आणि जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकाला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. 'पार्ट्सची उलाढाल तर ९० लाखच आहे' हा हिशेब चालत नाही, उलाढाल पॅनवर मोजतात, ट्रॅक्टर धरून. गॅरेजवाल्याने जीएसटी नंबर सांगून ४०० रुपयांचा फिल्टर नेला तरी आयआरएन (पोर्टलने दिलेला बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर छापूनच बिल द्यायचं. हे काउंटरवरून एका बटणात झालं पाहिजे. रात्री अकाउंटंट पोर्टलवर फाइल चढवेल ही पद्धत काउंटरला जमत नाही, कारण माल आणि माणूस दोन्ही तोपर्यंत गेलेले असतात. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतो, नंतर क्रेडिट नोट. म्हणून 'बिल एडिट' करू देणारं सॉफ्टवेअर इथे घातक. आयआरएन आल्यावर बिल कुलूपबंद व्हायला हवं.

बिल नंबर १६ अक्षरांच्या आत, सलग, आणि वर्षात पुन्हा न येणारा. दोन काउंटरना दोन मालिका द्या, पी१ आणि पी२ अशा. सुरुवात शून्य, तिरकी रेघ किंवा डॅशने करू नका, ई-इन्व्हॉइस पोर्टल ते घेत नाही.

तुमच्या सेंधव्याच्या गिऱ्हाइकांसाठी खास. रावेर, शिरपूर, शहादा, नवापूरच्या काउंटरनाही हे लागू आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा की जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचा जो पत्ता बिलावर लिहाल, ते पुरवठ्याचं ठिकाण. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता धरतात. म्हणजे खातं उघडताना 'वरला, मध्य प्रदेश' असं नोंदवलं आणि बिलावर ते छापलं, तर राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी नाही, परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लागतो. पत्ता लिहिलाच नाही तर तुमचंच ठिकाण धरतात. बरीच छोटी पीओएस फक्त जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे पाहून राज्य ठरवतात. नंबर नाही म्हणजे महाराष्ट्र, असं गृहीत धरतात. उधारीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता तर लागतोच, शिवाय नंबर नसलेल्याचं बिल ५० हजार किंवा वर गेलं तर नाव-पत्ता टाकणं बंधनकारक आहे. म्हणून राज्य गिऱ्हाइकाच्या पत्त्यावरून उचलणारं सॉफ्टवेअरच घ्या.

ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा ऑनलाइन कागद) महाराष्ट्राच्या आत १ लाखाच्या वर, पण हद्द ओलांडणाऱ्या मालाला ५० हजारांच्या वर. गियरबॉक्स सेंधव्याला निघाला, शेतकरी स्वतःच्या पिकअपमध्ये नेत असला, तरी लागतं.

बॅटरी एक्स्चेंजमध्ये जुनी बॅटरी घेऊन तिचे पैसे बिलातून वजा करू नका. कर नव्या बॅटरीच्या पूर्ण किमतीवर, जुनीची रक्कम पैसे घेताना वळती करायची. सॉफ्टवेअरमध्ये ती सूट म्हणून नको, जमा म्हणून जायला हवी.

वॉशर, स्प्लिट पिन, लिंच पिन अशी किरकोळ विक्री. २०० रुपयांच्या आत, गिऱ्हाइकाकडे जीएसटी नंबर नाही आणि तो बिल मागत नसेल, तर दिवसाचं एकत्र बिल चालतं. पण स्टॉक आयटमनुसार वजा व्हायलाच हवा. 'किरकोळ' नावाचा एकच आयटम करून ठेवला की हार्डवेअरचा स्टॉक कायमचा बिघडतो.

भुसावळ_हार्डवेअर

यंत्रांबद्दल थोडक्यात.

लेबल डायरेक्ट थर्मलवर छापू नका. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात जी उष्णता असते, तिने ते कागद काळवंडतात, आणि ऑइलचा हात लागला की अक्षर जातं. थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या, २०३ डीपीआय पुरतो, रिबन वॅक्स-रेझिन. साध्या वॅक्स रिबनची छपाई डिझेलच्या बोळ्याने पुसली जाते. लेबल ५० बाय २५ मिलिमीटर, त्यावर पार्ट नंबर मोठ्या अक्षरात, कप्प्याचा पत्ता आणि कोड. बेल्ट, गास्केट, होज यांना लेबल चिकटत नाही, तिथे कप्प्याच्या पट्टीवर लावा आणि पट्टी स्कॅन करा.

स्कॅनर २डी घ्या. लेझरवाला स्वस्त पडतो, पण क्यूआर वाचत नाही, आणि कंपनीच्या पाकिटांवर चौकोनी कोड वाढत चाललेत. एक गोष्ट आधी तपासा: कंपनीच्या कोडमध्ये नुसता पार्ट नंबर असतो की मागेपुढे नगसंख्या आणि एमआरपीही असते. असेल तर सॉफ्टवेअरला त्यातला नेमका तुकडा कापता आला पाहिजे. नाहीतर प्रत्येक स्कॅन 'आयटम सापडला नाही'.

बिलासाठी दोन प्रिंटर. रोखीच्या फुटकळ विक्रीला ८० मिलिमीटरचा थर्मल. बॅटरी, वॉरंटीचा माल आणि जीएसटीची बिलं ए५ लेझरवर. थर्मलचं बिल ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये एक उन्हाळा राहिलं की वाचता येत नाही, आणि बॅटरीच्या वॉरंटीला वाचता येणारं बिल लागतं. कार्बन कॉपीची सवय असेल तर डॉट मॅट्रिक्सही चालेल, फक्त त्यावर क्यूआर नीट उमटत नाही, ई-इन्व्हॉइस तिथून काढू नका.

बिल मराठीत हवं असेल तर आणखी एक. बहुतेक थर्मल प्रिंटरच्या आत देवनागरी फाँट नसतो. सॉफ्टवेअर अक्षरं थेट पाठवत असेल तर प्रश्नचिन्हं किंवा चौकोन छापले जातात. विंडोज ड्रायव्हरमधून चित्र म्हणून छापणारं हवं. आणि नावं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं 'पाटील' शोधात सापडत नाही.

यूपीएस फक्त संगणकाला लावून उपयोग नाही. राउटर आणि स्विचही त्यावर हवेत, नाहीतर वीज गेल्यावर संगणक चालू आणि क्लाउड बंद. डेमोच्या वेळी राउटरची वायर उपटून बिल करायला सांगा. मग वायर जोडून पाहा, दोन्ही काउंटरची बिलं एकदाच चढली की दोनदा.

चोपडा_पार्ट्स

मनापासून आभार. दोन रेडिएटरचं लिहून घेतलं, पिकअपचे पार्ट आम्ही ठेवतोच.

आता डीएमएसचा घोळ सांगा. क्लाउडवाला म्हणतो, काउंटरला सगळं माझ्यात विका, रात्री जेन्युइनची यादी डीएमएसमध्ये एकरकमी टाका. बरं वाटतं, गिऱ्हाइकाला एकच बिल जातं. आणि सहाशे उधारी खात्यांचं काय करायचं? जुनी वही आणि टॅली यांत फरक आहे.

रॅक_कप्पा

तसं करू नका भाऊ. कारणं सांगतो.

एक, डीएमएस पुढच्या मालाची सुचवणी मागच्या मागणीवरून करतं. रात्री एकरकमी टाकलं की कुठल्या दिवशी किती वेळा कुणी मागितलं हे बुडतं, आणि एखाद्या रात्री टाकायचं राहिलं की मागणी शून्य दिसते. पेरणीच्या तोंडावर क्लच प्लेट संपलेली असते आणि सुचवणीत तिचं नावही नसतं. दोन, दोन्हीकडे बिल बनलं तर एकाच विक्रीची दोन बिलं झाली. दोन्हींचा डेटा रिटर्नमध्ये गेला की कर दोनदा. तीन, दिवसभर डीएमएसचा स्टॉक खोटा असतो, आणि वर्कशॉपवाला जॉबकार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या कामाच्या नोंदीवर, तोच पाहून पार्ट काढतो.

नियम एकच ठेवा: एका मालाचा स्टॉक एकाच वहीत. जेन्युइन पार्ट डीएमएसमध्येच, काउंटरचेही आणि जॉबकार्डचेही. बाहेरचा माल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. एकही पार्ट नंबर दोन्हींत नको. मिश्र खरेदी असेल तर गिऱ्हाइकाला दोन बिलं जातील. ती जाऊ द्या, पैसे एकदाच घ्या आणि पावतीवर दोन्ही बिल नंबर टाका. मालिका वेगळ्या असल्या तरी जीएसटी नंबर एकच, त्यात काही अडचण नाही. दोन्हींची दिवसाची बेरीज टॅलीत जाते, उधारीचं खातं मात्र फक्त टॅलीत.

म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत टॅलीप्राइमच्या बाजूने झुकतं. तुमचा बाहेरचा माल फार तर दीड हजार आयटमचा असेल. त्यासाठी तिसरी वही कशाला? उपनावं, बॅच, रीऑर्डर लेव्हल, गिऱ्हाइकाच्या प्रकारानुसार भाव, ई-इन्व्हॉइस, हे सगळं त्यात आहे. उणीव काउंटरच्या वेगाची राहते. ती कीबोर्डच्या सवयीने आणि स्कॅनरने बरीच भरून निघते. क्लाउड पीओएस घ्यायचीच असेल तर आधी विचारा, पैसे भरणं थांबवल्यावर माझा मास्टर, खाती आणि बिलं एक्सेलमध्ये मिळतील का, आणि ते डेमोतच काढून दाखवायला सांगा. खर्च तीन वर्षांचा मांडून घ्या: भाडं, ई-इन्व्हॉइसचा वेगळा आकार, दुसऱ्या काउंटरचा आकार, मेसेजचे पैसे, माणूस येण्याचे पैसे.

आणि एक वही डीएमएसच्या बाहेर जरूर ठेवा, 'नाही म्हटलेल्या मालाची'. गिऱ्हाइकाने मागितलं आणि नव्हतं, तो नंबर, तारीख, गाव. सॉफ्टवेअर विकलेलं मोजतं, न विकलेलं मोजत नाही. दर सोमवारी ती वही पाहून ऑर्डर लावा.

कर_आणि_कागद

उधारीबद्दल. सगळ्यांत आधी खात्याची ओळख ठरवा. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे तीन पाटील सहज निघतात. नाव, गाव, मोबाइल, आणि ट्रॅक्टरचा चेसिस नंबर. चेसिसवरून खातं उघडता आलं की सालदार किंवा ड्रायव्हर पार्ट न्यायला आला तरी चुकीच्या खात्यावर पडत नाही. माल कोण घेऊन गेला याचं वेगळं खानं ठेवा, वाद तिथेच होतात.

३०-६०-९० दिवसांचा रिपोर्ट इथल्या उधारीला बसत नाही. केळीवाल्याच्या हातात कटाईगणिक पैसा येतो, कापूसवाल्याचा दिवाळीपासून पुढे, आणि राहिलेलं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मिटतं. बिल करतानाच 'वायद्याची तारीख' टाका आणि वसुलीची यादी त्या तारखेवर काढा. जूनच्या उधारीला सप्टेंबरात '९० दिवस थकीत' म्हणून मेसेज गेला तर चांगलं गिऱ्हाईक दुखावतं. जीएसटी मात्र बिल झालेल्या महिन्याचाच भरायचा, पैसे आखाजीला आले तरी. हा पैसा आपल्या खिशातून आधी जातो, म्हणून खात्याला मर्यादा लावा, आणि ती ओलांडल्यावर बिल मालकाच्या पासवर्डशिवाय होऊ नये अशी सोय पाहा.

जुनी वही आणि टॅली यांतला फरक नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओढू नका. फक्त उघडी बिलं एकेक करून चढवा, नुसती ढोबळ बाकी नको. बाकी एका आकड्यात चढवली की शेतकरी 'कोणत्या बिलाचे?' विचारतो आणि उत्तर नसतं. पैसे आले की बिलाला लावा, खात्यावर नुसते जमा करू नका.

रॅक_कप्पा

कधी सुरू करायचं ते राहिलं. १ एप्रिल सोयीचा वाटतो, पण तेव्हापासून नांगरट, आखाजीची वसुली आणि मृगाच्या तोंडावरची गर्दी सलग असते. मे-जूनमध्ये तर हात लावू नका. पेरण्या आटोपल्या की जुलैच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत काउंटर त्यातल्या त्यात निवांत असतं. १ ऑगस्ट धरा. वर्षाच्या मध्ये नवी बिल-मालिका सुरू करायला अडचण नाही.

त्याआधी मोजणी. दोघांनी रोज ३०० नंबर धरले तर ४,२०० नंबरांना १४ दिवस लागतात. कप्प्याकप्प्याने मोजा, नंबराच्या क्रमाने नको. मोजलेल्या कप्प्याला त्याच दिवशी लेबल लावा आणि त्या दिवसापासून त्या कप्प्यातलं जाणं-येणं कप्प्यातच ठेवलेल्या कार्डावर लिहा. ३१ जुलैच्या रात्री कार्डावरची बेरीज-वजाबाकी करून तोच आकडा चढवा. हलणारे ११०० शेवटच्या चार दिवसांत मोजा, म्हणजे कार्डावर कमी नोंदी येतील.

सुरू झाल्यावर वार्षिक मोजणीच्या भरवशावर राहू नका. रोज सकाळी शटर उघडल्यावर १५ कप्पे, आदल्या दिवशी जे सगळ्यांत जास्त हलले ते. फरक निघाला तर त्याच दिवशी बिल, जॉबकार्ड आणि परत आलेला माल तपासता येतो. वर्कशॉपमधून परत आलेला पार्ट थेट कप्प्यात ठेवायचा नाही, काउंटरवर एक लाल ट्रे ठेवा, आधी ट्रेमध्ये, नोंद झाल्यावर कप्प्यात.

आणि बॅकअप. रोजचा वेगळ्या डिस्कवर, आठवड्याचा दुकानाबाहेर. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर तो उघडून शेवटचं बिल दिसतं का ते पाहा.

चोपडा_पार्ट्स

ठरलं. जेन्युइन डीएमएसमध्ये, बाकी टॅलीप्राइममध्ये, १ ऑगस्ट. पंचवीस पार्टची यादी उद्या काढतो: दोन रेडिएटर, डावी-उजवी पाती, सील किट, बॅरल ऑइल आणि बदललेल्या नंबरांचे दहा पार्ट त्यात घालतो. त्या दहांतले एकतर्फी बदल कोणते, हे कुठे पाहायचं?

रॅक_कप्पा

कंपनीच्या पार्ट बुलेटिनमध्ये. डीएमएसच्या सुपरसेशन स्क्रीनवर बहुतेकदा फक्त नवा नंबर असतो, बुलेटिनमध्ये 'कोणत्या चेसिसपासून' हे दिलेलं असतं. चेसिसची अट असेल तो एकतर्फी धरून चाला. त्या आयटमच्या नावातच चेसिसचा आकडा लिहा, म्हणजे बिलावर छापून येईल आणि मिस्त्रीला फिट करण्याआधी दिसेल.